सल्ला देणारा मी, ऐकायला शिकलो



या पानावर मी काय लिहितो ते तुम्हाला ठाऊक आहे. बीजप्रक्रिया कशी करावी, तुरीचे शेंडे कधी खुडावेत, कामगंध सापळे हेक्टरी किती लावावेत, हे आपले नेहमीचे विषय. आज त्यातलं काहीच नाही. आज माझ्या स्वतःच्या शिक्षणाची गोष्ट सांगणार आहे. कृषी पदविका घेऊन नोकरीला लागलो तेव्हा वाटलं होतं, शिकणं संपलं, आता शिकवायचं. तसं झालं नाही. गेल्या दोन वर्षांत मी समुपदेशकाचं प्रशिक्षण घेतलं. 'कपाशीचा माणूस हा, याला हे कुठलं खूळ?' असं कोणाच्या मनात आलं असेल तर त्यात चूक नाही. माझ्या कार्यालयातही सगळे तेच म्हणाले. म्हणून आधी मुळापासून सांगतो.

दैनंदिनीतली नोंद

तीन वर्षांमागची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती. एका कास्तकाराच्या वावरात मी बोंडअळी पाहायला गेलो. पाच एकर पऱ्हाटी. वीस हिरवी बोंडं तोडली, बांधावर बसून एकेक फोडलं. चारांत गुलाबी अळी निघाली. मी त्याला समजावू लागलो. सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली असं समजायचं, वेचाई वेळेवर करायची, फरदड घ्यायची नाही. तो बोंडांकडे पाहत होता. मधेच म्हणाला, "साहेब, आता कायले पाहता? मले त रातभर झोप येत नाही. सारं सुनं सुनं लागते."

मी काय म्हणालो, ते आजही शब्दाला शब्द आठवतं. म्हणालो, "भाऊ, काळजी नका करू. अजून वेळ गेली नाही. फवारणी करून घ्या."

तो 'हो' म्हणाला. मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. मी गाडी सुरू केली तरी हँडलवर हात ठेवून उभाच. मला तालुक्याला बैठकीला जायचं होतं. "येतो भाऊ," म्हटलं आणि निघालो.

बाराव्या दिवशी त्याने आपला जीव संपवला. कसा, ते लिहीत नाही. ते लिहू नये, हेही मी नंतरच शिकलो.

तेरवीला गेलो. त्याची बायको आतून बाहेर आली, दाराला धरून उभी राहिली आणि एवढंच विचारलं, "साहेब, तुमी आलते त्या दिवशी. तुमच्यासंगं काही बोलले का ते?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन दैनंदिनी काढली. त्या तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'शेतकऱ्यास बोंडअळी व्यवस्थापनाबाबत मार्गदर्शन केले.' नोंद खरी होती. पण तो माणूस मला जे सांगत होता ते त्यात कुठेच नव्हतं.

शनिवार-रविवारची शाळा

जिल्ह्याच्या गावी एका संस्थेचा समुपदेशनाचा वर्ग निघाला होता. दर शनिवार-रविवार, सहा महिने. पुढे सहा महिने अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. फी खिशातून. कार्यालयात परवानगी मागितली तर 'हे आपल्या विभागाचं काम नाही' असा शेरा आला. शनिवारच्या दौऱ्यांसाठी सहकाऱ्यांशी अदलाबदल केली, उरलेल्या दिवशी रजा टाकली. एक मित्र म्हणाला, "आता काय, डोक्यावर फवारणी करणार का?" बायको मात्र म्हणाली, "जा. घरीही उपयोग होईल." त्याचा अर्थ मला सहा महिन्यांनी कळला.

आम्ही बावीस जण होतो. दोन आशाताई, एक अंगणवाडी सेविका, तीन शिक्षक, दोन परिचारिका, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, कॉलेजात शिकणारी पोरं-पोरी आणि कृषी खात्याचा मी एकटा. शिकवायला मानसशास्त्राच्या एक बाई. आवाज हळू, पण नजरेतून काही सुटत नसे.

पहिल्याच दिवशी तिघा-तिघांचे गट केले. एकाने बोलायचं, एकाने ऐकायचं, तिसऱ्याने नुसतं पाहून टिपून ठेवायचं. दहा मिनिटं. माझ्या वाट्याला ऐकण्याचं काम आलं. समोर आशाताई. सासू आजारी, त्यात मानधन तीन महिन्यांपासून थकलेलं. त्या सांगत होत्या आणि मी मान हलवत होतो. दहा मिनिटं झाल्यावर तिसऱ्या गड्याने कागद वाचून दाखवला : 'श्रोत्याने अकरा सल्ले दिले. चार वेळा मधेच तोडले. एकदा घड्याळ पाहिले. प्रश्न एकही विचारला नाही.'

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. अकरा सल्ल्यांपैकी एकही आशाताईंच्या कामाचा नव्हता. सासूला कोणत्या डॉक्टरकडे न्यावं, हे गावात रोज फिरणाऱ्या आशाताईला मी सांगत होतो!

बाई म्हणाल्या, "समुपदेशन या शब्दात उपदेश लपलेला आहे. तेवढा काढून टाकायला शिकलात तरी सहा महिने सत्कारणी लागले."

वाचकहो, माझी अडचण लक्षात घ्या. विस्तार अधिकाऱ्याची भाकरीच सल्ल्यावर. कोणी म्हणालं 'पानं पिवळी पडली' की आमच्या तोंडून औषधाचं नाव निघतंच. पिकाच्या बाबतीत ते बरोबरही आहे, कारण पऱ्हाटी स्वतः बोलत नाही. माणूस बोलतो. पण त्याला बोलू द्यावं लागतं.

बटाट्याचे कोंब आणि रातकिड्यांसारखे पतंग

दुसऱ्या महिन्यात कार्ल रॉजर्स यांचा धडा आला. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात समुपदेशनाची वाट बदलली. त्याआधी तज्ज्ञ सांगणार आणि रोगी ऐकणार, अशी रीत होती. रॉजर्स म्हणाले, आपल्याला काय दुखतंय आणि कुठे जायचंय हे त्या माणसालाच जास्त कळतं. आपण त्याला सुरक्षित जागा द्यायची. त्यासाठी समुपदेशकात त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. समोरच्याच्या जागी उभं राहून त्याचं जग पाहणं, म्हणजे समानुभूती. तो जसा आहे तसा, अट न घालता त्याला स्वीकारणं. आणि स्वतः आतबाहेर एक असणं, सोंग न आणणं.

इथवर मी परीक्षेसाठी लिहून घेत होतो. मग बाईंनी रॉजर्स यांचं लहानपण सांगितलं आणि मी पेन खाली ठेवलं. हा माणूस मूळचा शेतीचा! जन्म १९०२ चा, शिकागोजवळचा. तो बारा वर्षांचा असताना घरच्यांनी शेत घेतलं आणि तिथे राहायला गेले. पोरगा रात्री उडणारे पतंग पाळायचा, अळीपासून कोषापर्यंत त्यांना वाढवायचा. जनावरांच्या खाद्यावरचे जाडजूड ग्रंथ वाचायचा. प्रयोग कसा करावा, एका वाफ्याला खत देऊन शेजारचा तसाच ठेवून तुलना कशी करावी, हे त्याने शेतीच्या पुस्तकांतून उचललं. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याने पहिलं नाव घातलं तेही कृषी शाखेतच.

त्यांच्या आठवणीतला बटाट्याचा दाखला तर कोणाही कास्तकाराला पटेल. हिवाळ्यासाठी बटाटे तळघरात साठवलेले. माती नाही, पाणी नाही, उजेड म्हणजे वरच्या लहानशा खिडकीतून येईल तेवढाच. तरी बटाट्यांना कोंब फुटायचे. पांढरे, लुळे, पण वाढायचे ते खिडकीच्या दिशेने. त्या कोंबांचं झाड कधी होणार नव्हतं, तरी धडपड चालू होती. अडचणीत वाकडा-तिकडा झालेला माणूस पाहिला की रॉजर्स यांना ते कोंब आठवत.

त्या रात्री एसटीने परतताना डोळ्यांसमोर एकेक माणूस येत होता. दारू पिऊन ग्रामसभेत ओरडणारा, कर्ज काढून पोरीचं लग्न थाटात करणारा, प्रत्येक योजनेला 'हे सारं खोटं हाय' म्हणणारा. मी त्यांना 'आडमुठे शेतकरी' म्हणत आलो होतो. आमच्या खात्यात हा शब्द सर्रास चालतो. त्यांचा कोंब कुठल्या खिडकीकडे वळलाय, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आधी स्वतःची नांगरट

प्रशिक्षणात सर्वांत कठीण काय, असं कोणी विचारलं तर मी 'गप्प बसणं' असं सांगेन. समोरचा बोलता बोलता थांबला की आपणही थांबायचं. मनात वीस आकडे मोजायचे. मला पाचपर्यंतही जमेना. तोंडून काहीतरी निघायचंच.

चौथ्या महिन्यात त्याचं मूळ सापडलं. शिकणाऱ्याने स्वतःचंही मन मोकळं करायचं, असा तिथला नियम. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "माझं विशेष काही नाही." बाई नुसत्या पाहत राहिल्या. आता वीस आकडे त्या मोजत होत्या. मग माझ्या तोंडून विहीर निघाली.

मी दहावीत असताना बाबांनी कर्ज काढून विहीर खणली. पाणी लागलं नाही. बैलजोडी विकली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर बाबा घरात बोलले नाहीत. ओसरीवर बसून राहायचे. त्यांच्या त्या गप्प बसण्याची मला भीती वाटायची आणि रागही यायचा. मी ठरवलं होतं, शिकून असा माणूस व्हायचं की ज्याच्यापाशी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असेल. बावीस जणांसमोर सांगता सांगता मला रडू आलं. बँकेतल्या काकांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. कोणी समजूत काढली नाही, आणि तेच बरं वाटलं.

आता तुम्हीच पाहा. गप्प बसलेला कास्तकार दिसला की मी घाईने सल्ला का द्यायचो? त्याच्यासाठी कमी, आणि माझी भीती घालवण्यासाठी जास्त. हे कळल्यावर मग मोजणी वीसपर्यंत जाऊ लागली.

घरीही फरक पडला. पोरगा शाळेतून रुसून आला की पूर्वी मी लगेच न्यायनिवाडा करायचो. आता विचारतो, "काय झालं?" आणि थांबतो.

तो एक प्रश्न

पाचव्या महिन्यात जिवाचं बरं-वाईट करण्याचा विचार ओळखायला शिकवलं. 'उदास आहे' असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही. लोक म्हणतात : डोस्कं जड राहते, जेवण गोड लागत नाही, कशात जीव लागत नाही, पहाटे तीनलाच डोळा उघडते. दवाखान्यात नैराश्य तपासायला नऊ प्रश्नांची एक यादी वापरतात. झोप, भूक, थकवा, कामातली गोडी, स्वतःबद्दलची खंत, असं गेल्या दोन आठवड्यांचं विचारतात. नववा प्रश्न मरणाच्या विचाराबद्दलचा. मी ती यादी वाचली आणि पहिल्या काही ओळींतच मला तो कास्तकार दिसला. 'रातभर झोप येत नाही, सारं सुनं सुनं लागते.' दोन लक्षणं त्याने आपणहून सांगितली होती. बाकीची मी विचारायला हवी होती.

बाईंनी सांगितलं, "संशय आला तर सरळ विचारायचं. विचारल्याने ज्याच्या मनात नाही त्याच्या मनात ते भरतं, हा गैरसमज आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणसाचं ओझं हलकं होतं." पण सांगणं सोपं, विचारणं अवघड. तो प्रश्न मी आरशासमोर उभा राहून म्हणून पाहिला. पुस्तकी मराठीत तो तोंडात बसेना. शेवटी आपल्या बोलीत केला : "भाऊ, इतकं सोसून रायले तुमी. कधी असं वाटते का, का आता जगूच नाही?" प्रश्न विचारून झाला की 'असं वेड्यासारखं करू नका' म्हणायचं नाही. 'पोराबाळांचा विचार करा' असंही नाही. तो त्यांचाच विचार करून खचलेला असतो. उत्तर येईस्तोवर थांबायचं.

आणि आपली हद्दही ओळखायची. समुपदेशक म्हणजे डॉक्टर नव्हे. नैराश्य वाढलेलं असेल, धोका दिसत असेल, माणूस भलतंच ऐकत-पाहत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडेच पाठवायचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. त्याची माणसं आज जिल्हा रुग्णालयात बसतात. आपल्याला हे माहीत नसतं आणि आपण अंगारा-धुपाऱ्यात महिने घालवतो.

साध्या प्रशिक्षणाने काय होतं, याचा दाखलाही आपल्याच भागातला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या प्रशिक्षित माणसांनी घरोघरी जाऊन नैराश्याची ओळख करून दिली, पहिला आधार दिला आणि गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत नेलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चारच जण मदत घेत. दीड वर्षाने ते सत्तावीस झाले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. काम करणारी माणसं मोठ्या पदवीची नव्हती. मला त्यातून धीर आला.

ठोक्याच्या वावरातला माणूस

देखरेखीखालच्या सहा महिन्यांतली एक गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि त्या माणसाला विचारूनच लिहितो आहे.

चाळिशीचा गडी. स्वतःची जमीन नाही. दुसऱ्याचं वावर ठोक्याने करतो, उरलेले दिवस मजुरी. सातबारा दुसऱ्याच्या नावावर, त्यामुळे बँकेचं पीककर्ज त्याला नाही. घेतलेले पैसे सारे हातउसने नाहीतर सावकाराचे. त्या वर्षी सोयाबीन काढणीच्या वेळी पावसात सापडलं. आपण 'शेतकरी आत्महत्या' म्हणतो तेव्हा असा माणूस डोळ्यांसमोर येत नाही. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेती क्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांत शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. त्या एकूण आकड्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा ४,२४८.

त्याची बायको गटाच्या बैठकीत मला म्हणाली, "साहेब, हे बोलतच नाहीत आजकाल." मी सायंकाळी वावरात गेलो. वही, टॅब, काही नेलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण कार्यालयाच्या टेबलावर कास्तकार मोकळा होत नाही आणि पारावर दहा कान असतात. बांधावर शेजारी शेजारी बसायचं. दोघांनीही समोर वावराकडे पाहत बोललं की डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, शब्द लवकर सुटतात.

अर्धा तास तो सोयाबीनबद्दलच बोलला. माझ्या जिभेवर तीन सल्ले आले, तिन्ही गिळले. मग तो थांबला. मी मोजू लागलो. सतरावर तो म्हणाला, "साहेब, लेकरायच्या डोळ्यात पाहवत नाही." मी म्हणालो, "लय जड झालं तुमाले." तो रडू लागला. रडणं ओसरल्यावर मी तो प्रश्न विचारला. माझाही आवाज कापत होता.

तो म्हणाला, "हो. काल रातीच."

मी घाबरलो नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण शिकवलेलं कामी आलं. त्याला एकटं सोडलं नाही. घरी गेलो. त्याच्याच संमतीने बायकोला आणि मेव्हण्याला सांगितलं. घरातली फवारणीची सारी औषधं मेव्हण्याच्या घरी, कुलपात गेली. तिथूनच १४४१६ ला फोन लावला. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही 'टेलि-मानस' सेवा आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पलीकडची बाई त्याच्याशी वीस मिनिटं बोलली. रात्री मेव्हणा त्याच्याजवळ झोपला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जिल्हा रुग्णालयात गेलो.

पुढे सारं गोड झालं, असं समजू नका. गोळ्या सुरू झाल्या. दोन आठवडे गुण दिसला नाही, म्हणून त्याने मधेच सोडल्या, पुन्हा सुरू केल्या. सावकाराचे पैसे अजून फिटलेले नाहीत. एकदा माझ्यावरच चिडला, "तुमच्या बोलण्यानं काय कर्ज फिटते का?" त्याचं बरोबर होतं. समुपदेशनाने कापसाला भाव मिळत नाही, विम्याचा पैसा येत नाही, की पाऊस वेळेवर पडत नाही. सरकारने आणि समाजाने करायचं ते करायलाच हवं. त्याऐवजी समुपदेशक पाठवून कोणी हात झटकू पाहील, तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. पण त्या लढाईला माणूस आधी जिवंत पाहिजे. आज तो रब्बीचा हरभरा पाहतो आहे, झोपतो, आणि लेकरांशी बोलतो.

उत्तर द्यायचं राहिलं होतं

एक काम बाकी होतं. त्या पहिल्या कास्तकाराच्या बायकोला उत्तर द्यायचं होतं. मी बाईंना म्हणालो, "जाऊन खरं सांगतो." त्यांनी उलट विचारलं, "हे तिच्यासाठी, की तुमचं मन हलकं करण्यासाठी? तुमचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवायला जाऊ नका." त्यावर मी महिनाभर विचार केला. मग त्या घरी निरोप पाठवला : त्या दिवशीचं ऐकायचं असेल तर येतो, नको असेल तरी चालेल. तिने बोलावलं.

मी एवढंच सांगितलं, "वहिनी, ते म्हणाले होते, रातभर झोप येत नाही, सुनं लागते. मी पुढं विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे झोपतच नव्हते ते. मले वाटे, काम आहे म्हणून पहाटीच उठून वावरात जातात." त्यानंतर ती दीड तास बोलली. लग्नापासूनचं सारं. सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र यात गेलेले महिने, लोकांचे टोमणे, पोराची शाळा. मी एकही सल्ला दिला नाही. निघताना तिनेच विचारलं, "तुरीवर अळी दिसते साहेब, काय मारू?" तेव्हा मात्र सांगितलं.

मी विचारलं असतं तर तो वाचला असता का? याचं उत्तर कोणापाशी नाही, आणि असा एकच धागा धरून कोणी स्वतःला दोषी ठरवू नये, हेही मी शिकलो. पण दैनंदिनी लिहिताना आता एक ओळ जास्त लिहितो : 'शेतकरी काय म्हणाला.'

तुम्ही काय करू शकता?

बंधू-भगिनींनो, यासाठी वर्ग लावायलाच हवा असं नाही. घरात, शेजारात, गटात एवढं जरूर करा :

झोप उडाली, जेवण तुटलं, माणूस एकटा राहू लागला, अचानक दारू वाढली, आवडीच्या वस्तू देऊन टाकू लागला, 'आता माझं काय राहिलं' असं बोलू लागला, तर थट्टा करू नका. जवळ बसा, मधे न तोडता ऐका.

संशय आला तर सरळ विचारा. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. १४४१६ ला फोन लावा, जिल्हा रुग्णालयात न्या.

फवारणीची औषधं घरात, उशाशी, माळ्यावर ठेवू नका. पेटीत कुलपात ठेवा, किल्ली एकापेक्षा दुसऱ्याकडे बरी. लागतील तेवढीच आणा, उरवून ठेवू नका. हा माझा कृषी खात्याचाही सल्ला समजा. वाईट वेळ बहुतेकदा थोड्या वेळाची असते. तेवढ्या वेळात औषध हाताशी नसलं तर जीव वाचतो.

पोलिसांच्या भीतीने कोणी उपचार टाळू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं, उपचार व पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही.

आणि जो आज हे वाचतो आहे आणि ज्याला स्वतःलाच सारं सुनं लागतं आहे, त्याला सांगतो : भाऊ, ताई, एका तरी माणसाला सांगा. बायकोला, भावाला, आशाताईला, नाहीतर फोनवरच्या अनोळखी माणसाला. आमच्यापैकी कोणी वावरात आलं आणि घाईत दिसलं, तर गाडीचं हँडल सोडू नका. म्हणा, 'साहेब, थांबा. मले बोलायचं हाय.' थांबणं हे आमचं कामच आहे.

पुढच्या वेळी हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल लिहीन. तोवर नमस्कार.